भिंत पाहावी वैशाखात

जुनी घरं बोलतात. इतिहासाच्या कुशीत उभ्या असलेल्या प्रत्येक भिंतीला काही सांगायचं असतं, आणि ते ऐकायला लागतो तो फक्त एक संवेदनशील कान. आमच्या वारसा समितीच्या पहिल्या बैठकीत अध्यक्षांनी हे उद्गार काढले तेव्हा इतिवृत्त मी लिहीत होते, त्यामुळे ते माझ्याच अक्षरात जपलेले आहेत. पुढची बरीच वर्षं मी नोकरीचा भाग म्हणून कान लावला. माझ्या अनुभवात जुन्या घरांना सांगण्यासारखी गोष्ट एकच असते: बाजूला व्हा.

मी नगरपालिकेत रचना सहायक होते. अकोला आणि अमरावतीच्या मधल्या एका परकोटाच्या, म्हणजे जुन्या तटबंदीच्या गावात. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांना कळेलच, बाकीच्यांना फरक पडणार नाही. परकोटाच्या आतल्या काही गल्ल्या ऐतिहासिक ठरल्या आणि त्यांतल्या घरांची यादी झाली. यादीत आलेल्या घराला बाहेरून काहीही करायचं असलं, खिडकी बदलायची, सज्जा काढायचा, रंग द्यायचा, तर मालकानं अर्ज करायचा. मी जाऊन घर पाहायचं, मोजायचं, फोटो काढायचे, टिपण लिहायचं. मग समिती येऊन पाहणार आणि मत देणार. समितीत निवृत्त प्राध्यापक होते, एक वकील होते, एक दोन हौशी इतिहासकार होते. घरात राहणारं कुणी नव्हतं. म्हणजे सगळे आपापल्या घरात राहत, पण ती घरं कॉलनीतली, स्लॅबची.

लोकांना वाटे, या बाईंचं काम म्हणजे नाही म्हणणं. ते खरं होतं. पण मुख्य काम घाबरणं हे होतं, आणि ते मी मन लावून केलं.

त्याचं कारण आमच्याकडच्या भिंती. वऱ्हाडातली जुनी जाड भिंत बाहेरून विटांची दिसते. विटा असतात फक्त आतल्या आणि बाहेरच्या अंगाला, एकेक पातळ थर. मध्ये भरलेली असते पांढरी माती. माथ्यावरून पाणी मुरलं की ही माती खाली खाली बसते आणि बाहेरचा थर फुगतो. भिंतीला पोट सुटलं, असं आम्ही म्हणतो. वर काही नाही, खाली गच्च, मध्ये पोकळ. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी अशी एक भिंत मी पडताना पाहिली. भिंत कोसळताना गडगडाट होतो असं वाचलं होतं. तसं काही झालं नाही. ओट्यावर कुणी ज्वारीचं पोतं टाकावं, तेवढाच आवाज. मग धूळ, आणि धुळीनंतर एका सायकलचं हॅण्डल. सायकलवाला समोर पान खायला गेला होता. तो बराच वेळ हॅण्डलकडे पाहत चघळत राहिला.

त्या दिवसापासून मी कुठल्याही घरात शिरताना आधी वर पाहते. नातेवाइकांच्या नव्या फ्लॅटमध्येही पाहते. त्यांना वाटतं, मी पंखा पाहते आहे.

तरी बरेचसे अर्ज निरुपद्रवी असत. गजाननभाऊ किराणावाल्यांना दुकानाला शटर लावायचं होतं आणि तिथं कोरीव सागवानी दरवाजा होता. समितीनं लिहिलं, दरवाजा काढावा लागल्यास जतन करावा. सहा महिन्यांनी मी पाहायला गेले. दरवाजा कुठं दिसेना.

"जतन केला ना मॅडम," गजाननभाऊ म्हणाले आणि मला आतल्या खोलीत घेऊन गेले. दरवाजाला चार पाय लावून त्यांनी पलंग केला होता. "मी सोताच झोपतो याच्यावर. याच्याहून जास्त जतन कोन करीन, सांगा? पितळी फुलं टोचत होते म्हनून गादी टाकली."

मी शेरा लिहिला: दरवाजा सुस्थितीत, वापर बदलला.

दुसरे एक गृहस्थ निवृत्त अव्वल कारकून होते. त्यांना नियम मोडायचा नव्हता, घराला मूळ रंगच द्यायचा होता. मूळ रंग शोधायला त्यांनी भिंत खरवडायला घेतली. पिवळ्याखाली निळा निघाला, निळ्याखाली गेरू, गेरूखाली चुना, आणि सगळ्यात खाली विडीची जाहिरात. समितीत त्यावर दीड तास चर्चा झाली. गृहस्थ माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, मी विडी वढत नाई हो. आता दारावर विडी काढा लागते का?"

अशा गोष्टी सांगायला बऱ्या असतात. आता जी सांगायची आहे ती मी आजवर सरळ कुणाला सांगितलेली नाही.

तायडे सिस्टर ग्रामीण रुग्णालयात नर्स होत्या. एका व्यापाऱ्याची मुलं पुण्याला गेली तेव्हा परकोटाच्या आतलं त्यांचं एकमजली घर सिस्टरांनी विकत घेतलं. खाली रस्त्यालगतच्या खोलीत त्यांचे यजमान प्रल्हादभाऊ शिलाईचं दुकान चालवत. मशीन अगदी दर्शनी भिंतीला लागून, खिडकीखाली, कारण उजेड तिथंच. आणि बरोबर त्या खिडकीच्या वर भिंतीला पोट सुटलेलं होतं. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली एक भेग तिरपी वर सज्ज्यापर्यंत गेली होती.

सिस्टरांचा अर्ज एका वाक्याचा होता. भिंत उतरवून नवीन बांधण्याची परवानगी मिळावी, कारण ती माझ्या नवऱ्याच्या अंगावर पडेल.

समिती भाद्रपदात पाहणीला आली. समिती नेहमी श्रावण-भाद्रपदातच येई. उन्हाळ्यात आमच्याकडे दुपारी कुत्रीसुद्धा गल्ली ओलांडत नाहीत, तिथं निवृत्त मंडळींना कोण बोलावणार? शिवाय पावसाळ्यात परकोटाच्या दगडांवर शेवाळ येतं, फोटो चांगले येतात. सगळे छत्र्या घेऊन गल्लीत उभे राहिले. अध्यक्षांनी छत्रीच्या टोकानं भिंत दोनदा ठोकली. भेग केसाएवढी दिसत होती.

"एवढीशी भेग?" अध्यक्ष म्हणाले. "बाई, आपल्या पूर्वजांनी बांधलेल्या भिंती आहेत या. अशा भेगांनी पडत नसतात."

सिस्टर ड्यूटीच्या कपड्यांतच होत्या. शांतपणे म्हणाल्या, "सर, माह्या आज्याले या गल्लीतून चप्पल घालून जाता येत नव्हतं. पूर्वज तुमचे असतीन. भिंत माही हाये, ते पडून राहिली."

अध्यक्ष सज्ज्याच्या कोरीव कामाकडे पाहू लागले.

"आन भेग पाह्याची असन तं उन्हाळ्यात या," सिस्टर पुढं म्हणाल्या. "पावसाळ्यात ते मिटते. वैशाखात माहा हात जाते तिच्यात."

यावर समिती हसली. भेग काय फूल आहे, उमलायला आणि मिटायला, असं वकीलसाहेब म्हणाले.

मी हसले नाही. पण बोललेही नाही, आणि या लेखात पश्चात्तापाची जागा कुठं असेल तर ती इथं आहे. मी दर्यापूरची. काळ्या मातीत वाढलेली. उन्हाळ्यात आमच्या शेताला अशा भेगा पडतात की म्हशीचा पाय अडकतो, आणि पावसाळ्यात तिथं भेग होती हे सांगूनही पटत नाही. ही माती पाण्यानं फुगते, उन्हानं आकसते, आणि तिच्यावरचं घर तिच्यासोबत वर्षातून एकदा श्वास घेतं. सिस्टर म्हणत होत्या ते अक्षरशः खरं होतं. आमची समिती वर्षानुवर्षं बरोबर त्या दोन महिन्यांत पाहणी करत होती ज्या दोन महिन्यांत परकोटातली प्रत्येक भेग बंद असते. हे मला माहीत होतं. मी खाली मान घालून लिहिलं: भेग नगण्य. दर्शनी भाग आहे तसा ठेवावा.

का लिहिलं? भीतीनं. माझ्या आधीच्या रचना सहायकानं एक सज्जा काढायला होकार दिला होता. त्यांची खातेनिहाय चौकशी इतकी लांबली की ते चौकशीची फाईल डब्याच्या पिशवीतच ठेवत, आणि पोळीचं तेल लागून तिची पानं पारदर्शक झाली होती. मला तशी फाईल नको होती.

माघात सिस्टरांनी पुन्हा अर्ज दिला. या वेळी मी चैत्रात एकटीच गेले. भेगेत बोट जात होतं. मी रस्त्यावरूनच भेगेवर आडवी काचेची पट्टी बसवली. ही आमच्या कामातली जुनी रीत आहे: पातळ काच, दोन्ही टोकांना प्लास्टर, पेन्सिलीनं तारीख. भेग हलली नाही तर काच तशीच राहते. हलली तर फुटते. काच खोटं बोलत नाही आणि तिला पेन्शनची काळजी नसते.

प्रल्हादभाऊ मशीनवरून मान वर करून खिडकीतून पाहत होते. "म्हंजे काच फुटली की आमी समजाचं, आता आपला नंबर?"

"काच फुटली की तुम्ही इथं बसायचं नाही."

"मंग बसाचं कोठी? मांगच्या खोलीत सुई दिसत नाई. जूनमध्ये शाळा सुरू होतात मॅडम. गनवेस काय अंधारात शिवू? एक बाही लंबी, एक आखूड. पोट्टे शाळेत जातीन का सर्कशीत?"

सिस्टरांनी मात्र ती काच पेशंटासारखी सांभाळली. रुग्णालयात तापाचा तक्ता असतो तसा एक तक्ता त्यांनी भेगेशेजारी लावला. ड्यूटीला जाताना भेगेच्या रुंदीची एक नोंद, आल्यावर एक. रेषा चढत होती. असा तक्ता एखाद्या माणसाचा असता तर डॉक्टरांनी नातेवाइकांना बोलावून घ्या म्हटलं असतं.

त्या दिवसांत माझी अवस्था चमत्कारिक झाली होती. मी अमरावतीहून बसनं येई. स्टॅण्डवर उतरलं की ऑफिसची वाट सरळ होती, पण मी परकोटातून वळसा घेऊन जाई. गल्लीच्या तोंडाशी थांबून मशीनचा आवाज ऐकू येतो का ते पाही. मशीन चालू असली की भीती वाटे, कारण माणूस भिंतीखाली बसला आहे. बंद असली की जास्त भीती वाटे. ऑफिसात फोन वाजला की उचलण्याआधी मी दोन घंटा वाजू देई. घरी मी कपाटामागच्या भिंती ठोकून पाहायला लागले. यजमान म्हणाले, "पाली मारून राहिली का?" मी हो म्हणाले.

वैशाखात एका सोमवारी फोन वाजला आणि तो सिस्टरांचाच होता.

"काच गेली मॅडम."

मी अध्यक्षांना फोन केला. ते उन्हामुळे चिखलदऱ्याला होते. वकीलसाहेब मुलाकडे बंगलोरला होते. बैठकीला लागतात तेवढी माणसं जिल्ह्यातच नव्हती. "श्रावणात घेऊ की," अध्यक्ष म्हणाले. "तोवर टेकू द्या." वरच्या मजल्याइतक्या उंच भिंतीला गल्लीच्या बाजूनं टेकू दिला असता तर गल्लीच बंद झाली असती, हे सांगेपर्यंत रेंज गेली.

एक दुसरी वाट होती. धोकादायक इमारतीची नोटीस. ती दिली की समितीचं मत लागत नाही. जीविताला धोका असेल तर भिंत लगेच उतरवता येते. नोटीस काढायचे अधिकार मुख्याधिकाऱ्यांनी मला दिलेले होते, कारण भीती त्यांनाही वाटत असे. पण यादीतल्या घराची भिंत पाडली गेली तर पहिला प्रश्न विचारला जातो तो सही कुणाची, हाच. निवृत्तीला माझी दीड वर्षं राहिली होती. मी नोटीस टाइप केली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी मी ड्रॉवर तीनदा उघडला. त्या तीन दिवसांत काही झालं असतं तर हा लेख मी लिहिला नसता, बहुधा दुसरंही काही लिहू शकले नसते.

गुरुवारी सकाळी सही केली आणि नोटीस पर्समध्ये घालून निघाले. अकरा-साडेअकराची वेळ, गल्ली तापून पांढरी झालेली. मशीन चालू होती. सिस्टर ड्यूटीवर. मी दारात उभी राहून नेहमीप्रमाणे वर पाहिलं आणि मग भेगेकडे.

भेगेतून माती गळत होती. गिरणीच्या तोंडातून पीठ पडावं तशी, बारीक, सारखी, आवाज न करता. खिडकीच्या चौकटीवर तिचा एक छोटा सुबक ढीग झाला होता. प्रल्हादभाऊ मधूनमधून फुंकर मारून तो कपड्यावरून उडवत होते.

"हे कधीपासून?"

"सकाळपासून हाये. तरी बरं, पांढरी माती हाये. गनवेसाचे शर्टई पांढरेच."

सुकलेली माती आतून वाहायला लागली याचा अर्थ भिंतीचं पोट रिकामं होत आहे, आणि विटांचे दोन्ही थर एकमेकांचा आधार सोडत आहेत. नोकरीत मी अशी घरं नेहमी रस्त्यावर उभी राहून तपासली होती. आत जायचा प्रसंग शक्यतो टाळला होता. त्या दिवशी कशी कोण जाणे, आत गेले आणि मशीनचं एक टोक धरलं.

"उचला."

"काय उचला?"

"मशीन. मागं न्यायची. आत्ता."

"एवढा पायजमा तं होऊ द्या—"

"उचला!"

मी एवढ्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते. समोरच्या दुकानातले दोघं बाहेर आले. प्रल्हादभाऊंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि पायजमा सुईला तसाच लटकत ठेवून मशीन उचलली. लोखंडी पायांची जुनी मशीन. मला वाटलं माझेच हात खांद्यातून निघतील. दारात ती अडकली. त्या अर्ध्या मिनिटात माझी पाठ भिंतीकडे होती. पाठीला डोळे फुटतात म्हणतात, माझ्या पाठीला कान फुटले होते.

आम्ही मागच्या खोलीत पोचलो. मशीन ठेवली. बसलो. आणि काहीही झालं नाही.

अर्धा तास झाला, तासही झाला. प्रल्हादभाऊंनी चहा केला.  भिंत उभीच. मला स्वतःची लाज वाटायला लागली. प्रल्हादभाऊ म्हणाले, "मॅडम, आता जाऊ का समोर?" मी नको म्हणाले. 

दुपारी सिस्टर आल्या. मशीन मागच्या खोलीत पाहून दारातच थांबल्या.

"हलवली? अन् मी दोन वर्सं बोंबलून राहिली ते?"

"तू म्हनते ते घरचं असते," प्रल्हादभाऊ म्हणाले. "मॅडम सरकारी हायेत."

मी नोटीस दिली. सिस्टरांनी ती उभ्यानं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. आपली भिंत धोकादायक असून ती चोवीस तासांच्या आत उतरवण्यास सुरुवात न केल्यास आपल्यावर कारवाई करण्यात येईल.

"म्हंजे उद्या नाई पाडली तं गुन्हा?"

"हो."

"आन काल पाडली असती तं?"

"तोही."

त्यांनी नोटिशीची घडी घातली. हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत.

शुक्रवारी शेख मिस्त्री आले. वरून एकेक वीट काढायला सुरुवात झाली. सज्जा उतरवल्यावर मिस्त्रींनी भेगेत हात घातला तो कोपरापर्यंत गेला. त्यांनी हात आत फिरवला, बाहेर काढला आणि मला म्हणाले, "बाई, अंदर कुछ नाई. हे नुसतं सवयीनं उभं हाये."

तिसऱ्या दिवशी मिस्त्री आणि त्यांची माणसं गल्लीच्या टोकाला कडुलिंबाखाली जेवायला बसली होती. तेवढ्यात भिंतीचा मधला भाग आपोआप खोलीत बसला. मी ऑफिसातून पोचले तेव्हा जिथं मशीन असायची तिथं कमरेएवढी पांढरी माती होती. प्रल्हादभाऊंचं स्टूल आम्ही त्या दिवशी समोरच विसरलो होतो. ते तिच्याखाली होतं.

प्रल्हादभाऊ तासन्‌तास बोलणारा माणूस. त्यांनी ढिगाकडे पाहिलं आणि मागच्या खोलीत जाऊन शर्टांना काजं करायला बसले. त्या दिवशी केलेली सगळी काजं उलट्या बाजूला झाली होती, असं सिस्टरांनी मला पुढं केव्हातरी सांगितलं. ते शर्ट त्यांनी शाळेला दिले नाहीत, उसवले.

श्रावणात समितीची बैठक झाली. अध्यक्षांनी एका अमूल्य दर्शनी भिंतीच्या निधनाबद्दल खेद व्यक्त केला. निधन हा शब्द त्यांचाच, मी लिहून घेतला. माझी चौकशी लागली. मी उत्तरात सिस्टरांचा तक्ता जोडला आणि एक विनंती केली, की यापुढं परकोटातली पाहणी वैशाखात व्हावी. चौकशीचा निकाल निवृत्तीच्या आठवडाभर आधी आला: ताकीद. विनंतीवर उन्हाच्या तीव्रतेचा विचार करून निर्णय घेऊ, असं ठरलं. तो विचार अजून चालू आहे. परकोटात अशी पोट सुटलेली आणखी घरं आहेत, आणि त्यांच्या फाइलींवर माझ्या अक्षरात नगण्य लिहिलेलं आहे. एप्रिल उलटला की मी पेपर आतल्या पानापासून वाचायला घेते. स्थानिक बातम्या आत असतात.

गेल्या वर्षी यादीतल्या सगळ्या घरांना समितीनं समारंभपूर्वक पितळी पाट्या लावल्या. यादी जुनीच आहे, त्यामुळे सिस्टरांच्या सिमेंटच्या नव्या भिंतीवरही एक पाटी आहे. ती बसवायला दर्शनी भिंतीत चार भोकं पाडावी लागली. त्यासाठी कुणीही अर्ज केलेला नाही.